केस पेपरपासून कोडपर्यंत: आयसीडी-१० शिकायचे कसे

रुग्ण बरा होऊन घरी गेला, की त्याचा केस पेपर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात येतो. डॉक्टरांनी आपापल्या शब्दांत आणि आपापल्या अक्षरात लिहिलेले निदान तेथे एका ठरावीक कोडमध्ये बसवले जाते. या वर्षी जिल्ह्यात डेंग्यूचे रुग्ण किती होते, बाळंतपणात रक्तदाब वाढल्याने किती स्त्रिया दगावल्या, विमा कंपनीने दावा कोणत्या आजारासाठी मंजूर केला, या सर्व प्रश्नांची उत्तरे पुढे याच कोडांवरून काढली जातात. त्यामुळे कोडरने, म्हणजे कोड देणाऱ्या कर्मचाऱ्याने, घाईत दिलेला एक चुकीचा कोड म्हणजे केवळ कारकुनी चूक नसते. त्या रुग्णाचा आजार आकडेवारीतून नाहीसा होतो किंवा भलत्याच आजाराच्या खात्यात जमा होतो. हे काम शिकू इच्छिणाऱ्यांनी सुरुवात कोठून करावी आणि कोणत्या ठिकाणी विशेष सावध राहावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

भारतातील बहुतेक रुग्णालये आणि मृत्यूनोंदणी यंत्रणा जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची दहावी आवृत्ती, म्हणजे आयसीडी-१०, वापरतात. म्हणून येथील सर्व विवेचन तिच्या आधारे केले आहे. कोडमधील रोमन अक्षरे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. म्हणजे उच्च रक्तदाबाचा कोड येथे ‘आय १०’ असा दिसेल.

मागची थोडी पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयात विल्यम फार यांनी मृत्यूच्या कारणांची एकसारखी यादी असावी असा आग्रह धरला. पुढे झाक बेर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने केलेले वर्गीकरण १८९३ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारले गेले आणि १९०० मध्ये पॅरिसच्या परिषदेत त्याची पहिली सुधारित आवृत्ती निघाली. तोवर ही यादी केवळ मृत्यूच्या कारणांची होती. १९४८ मध्ये सहाव्या आवृत्तीपासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले आणि मृत्यूला कारण न होणाऱ्या आजारांनाही यादीत जागा मिळाली. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली व १९९४ पासून वापरात आली. हा इतिहास पाठ करण्याची गरज नाही. मात्र मृत्यूच्या कारणांसाठी जन्मलेल्या यादीतून हे वर्गीकरण वाढत गेले आहे, एवढे ध्यानात ठेवले तर त्यातील अनेक नियमांचा उगम समजतो.

पूर्वतयारी

वैद्यकीय पदवी नसली तरी हे काम शिकता येते, परंतु शरीररचना आणि शरीरक्रिया यांचे प्राथमिक ज्ञान नसेल तर पहिल्याच आठवड्यात अडायला होते. कोणता अवयव कोणत्या संस्थेत मोडतो, रक्तप्रवाहाचा मार्ग कसा असतो, हाडांची नावे कोणती, इतके तरी पक्के असावे. वैद्यकीय शब्दांच्या शेवटी येणारे प्रत्यय ओळखू येऊ लागले, की अनोळखी शब्दाचाही अंदाज बांधता येतो: ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘एक्टमी’ म्हणजे काढून टाकणे, ‘ऑस्टमी’ म्हणजे बाहेर उघडणारा मार्ग करणे.

याहून अवघड भाग संक्षेपांचा आहे. ‘आरटीए’ म्हणजे अस्थिव्यंग विभागात रस्ता अपघात आणि मूत्रपिंड विभागात रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस हा मूत्रपिंडाचा विकार. ‘एमआय’ म्हणजे बहुधा हृदयविकाराचा झटका, पण इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, अहवालात तीच दोन अक्षरे हृदयाच्या झडपेच्या गळतीसाठी येतात. ‘के/सी/ओ’ म्हणजे आजार आजही आहे, तर ‘एच/ओ’ म्हणजे पूर्वी होता. पूर्वी क्षयरोग होऊन बरा झालेल्या माणसाला क्षयरोगाचा चालू कोड देणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. संक्षेपाचा अर्थ विभाग, तपासण्या आणि दिलेली औषधे पाहूनच ठरवावा.

वर्गीकरणाची चौकट

आयसीडी-१० चे तीन खंड आहेत. पहिल्या खंडात कोडांची क्रमवार सूची, दुसऱ्यात नियम आणि तिसऱ्यात वर्णानुक्रमे शब्दसूची आहे. पहिला खंड जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतो. बहुतेक शिकाऊ मंडळी दुसऱ्या खंडाला हातच लावत नाहीत, आणि माझ्या मते कोडरच्या कामात पुढे जो कच्चेपणा राहतो त्याचे मूळ बहुधा येथेच असते.

प्रत्येक कोडच्या सुरुवातीला एक अक्षर, त्यानंतर दोन अंक आणि बहुतेक ठिकाणी बिंदूनंतर आणखी एक अंक असतो. एकूण बावीस प्रकरणे आहेत. ए आणि बी या अक्षरांखाली संसर्गजन्य रोग, सी आणि डीच्या पहिल्या भागात गाठी व कर्करोग, ईमध्ये मधुमेहासारखे अंतःस्रावी विकार, आयमध्ये हृदय व रक्ताभिसरण, जेमध्ये श्वसन, केमध्ये पचनसंस्था, ओमध्ये गर्भारपण व प्रसूती, एस आणि टीमध्ये इजा व विषबाधा, व्हीपासून वायपर्यंत इजेची बाह्य कारणे, आणि झेडमध्ये आजार नसतानाही दवाखान्यात येण्याची कारणे. ‘आय’ आणि ‘एक’, तसेच ‘ओ’ आणि ‘शून्य’ हे हस्ताक्षरात एकसारखे दिसतात, म्हणून कोड हाताने लिहिताना विशेष काळजी घ्यावी. अकराव्या आवृत्तीत ही दोन्ही अक्षरे याच कारणाने वगळली आहेत.

प्रकरणांचे एकमेकांशी असलेले नाते समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण काही प्रकरणांना इतरांवर प्राधान्य आहे. गर्भारपण हे त्याचे ठळक उदाहरण. सामान्य प्रौढ व्यक्तीचा उच्च रक्तदाब आय १० मध्ये जातो. परंतु स्त्री गर्भवती असेल तर तोच रक्तदाब ओ अक्षराखाली जातो, आणि तेथेही तो गर्भारपणापूर्वीपासूनचा असेल तर ओ १०, गर्भारपणात उद्भवलेला असेल तर ओ १३, प्रीएक्लॅम्प्सिया (गर्भारपणातील रक्तदाबाचा गंभीर विकार) असेल तर ओ १४ आणि आकडीचे झटके आले असतील तर ओ १५ असे वेगवेगळे कोड आहेत. ही विभागणी केवळ काटेकोरपणासाठी केलेली नाही. मातामृत्यू कमी करण्यासाठी नेमके काय करायचे हे ठरवणाऱ्यांना या चार गटांचे वेगवेगळे आकडे लागतात, आणि सर्व स्त्रियांना आय १० देऊन टाकल्यास ते आकडे कोणालाच मिळत नाहीत.

चौथ्या स्थानावरील ८ आणि ९ या अंकांचा अर्थही नीट समजून घ्यावा. साधारणपणे ‘.८’ म्हणजे डॉक्टरांनी नेमका प्रकार लिहिला आहे, पण त्यासाठी स्वतंत्र कोड नाही, ‘.९’ म्हणजे डॉक्टरांनी प्रकारच लिहिलेला नाही. पहिली मर्यादा वर्गीकरणाची आहे आणि दुसरी नोंदीची. एखाद्या विभागाच्या कोडांत ‘.९’ वारंवार येऊ लागले, तर त्या विभागातील डॉक्टरांशी बोलण्याची वेळ झाली आहे असे समजावे.

एक केस पेपर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, अट्ठावन्न वर्षांच्या एका बाई घरी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. डिस्चार्ज कार्डावर लिहिले आहे: ‘उजव्या बाजूचे हिप फ्रॅक्चर, शस्त्रक्रिया केली. के/सी/ओ डीएम टाइप टू, एचटीएन.’ शेवटच्या दोन संक्षेपांचा अर्थ टाइप टू मधुमेह आणि उच्च रक्तदाब.

पहिला प्रश्न मुख्य आजार कोणता हा आहे. नियमानुसार, उपचारांच्या शेवटी निश्चित झालेली आणि रुग्णाला उपचारांची वा तपासणीची गरज पडण्यास प्रामुख्याने कारणीभूत ठरलेली स्थिती म्हणजे मुख्य आजार. अशा एकाहून अधिक स्थिती असतील तर जिच्यासाठी सर्वाधिक साधनसामग्री खर्ची पडली ती मुख्य धरतात. येथे शंकेला जागा नाही. मुख्य आजार अस्थिभंग हा आहे.

आता तिसरा खंड उघडावा. शब्दसूचीत अवयवाचे नाव शोधू नये, विकाराचे नाव शोधावे. म्हणजे ‘फीमर’ (मांडीचे हाड) या शब्दाखाली न जाता ‘फ्रॅक्चर’खाली जावे आणि तेथून फीमर, मग नेक (मान) असे खाली उतरावे. ‘हिप’ एवढाच शब्द असेल तर सूची एस ७२.० कडे, म्हणजे मांडीच्या हाडाच्या मानेच्या अस्थिभंगाकडे नेते. बहुतेक जण येथे थांबतात. परंतु केस पेपर उलटून शस्त्रक्रियेची नोंद वाचली, तर तेथे शल्यचिकित्सकांनी ‘इंटरट्रोकँटरिक’ (मानेच्या खालच्या भागातील) असे स्पष्ट लिहिलेले आढळू शकते, आणि तसे असेल तर योग्य कोड एस ७२.१ होतो. डिस्चार्ज कार्ड बहुधा निवासी डॉक्टर गडबडीत लिहितात. शस्त्रक्रियेची नोंद, पॅथॉलॉजीचा अहवाल आणि वरिष्ठांचे राउंडचे शेरे वाचल्याशिवाय कोड देऊ नये. मात्र एक्स-रेची फिल्म स्वतः पाहून प्रकार ठरवण्याचा अधिकार कोडरला नाही. डॉक्टरांनी जे लिहिले आहे त्याचाच कोड द्यायचा. दोन नोंदींत विरोध असेल तर त्यांनाच विचारायचे.

शब्दसूचीत मिळालेला कोड पहिल्या खंडात जाऊन पडताळणे बंधनकारक समजावे, कारण ‘यात अमुक समाविष्ट नाही’ अशा सूचना तेथेच असतात. अस्थिभंगाच्या बाबतीत जखम उघडी की बंद हे दाखवण्यासाठी पाचव्या स्थानी आणखी एक अंक वापरता येतो, आणि नोंदीत काहीच म्हटले नसेल तर ती बंद धरावी असा नियम आहे. म्हणून बंद जखमेचा शून्य जोडून एस ७२.१०.

त्यानंतर बाह्य कारण. सपाट जागेवर घसरून पडणे म्हणजे डब्ल्यू ०१, आणि घटना घरी घडली म्हणून चौथ्या स्थानी शून्य: डब्ल्यू ०१.०. हा कोड अनेक रुग्णालयांत दिलाच जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. वृद्धांची हाडे कशामुळे मोडतात हे कळले तरच न्हाणीघरात दांडी बसवण्याचा सल्ला आकड्यांच्या बळावर देता येईल. शेवटी मधुमेहासाठी ई ११.९ आणि रक्तदाबासाठी आय १०. मधुमेहाचा मूत्रपिंडांवर परिणाम झाल्याची नोंद असती, तर ई ११.२ द्यावा लागला असता.

काही आजारांना दोन कोड लागतात, एक मूळ कारणाचा आणि एक त्याच्या परिणामाचा. मूळ कारणाच्या कोडवर कट्यारीची (†) आणि परिणामाच्या कोडवर तारकेची (*) खूण असते. क्षयरोगामुळे झालेल्या मेंदूआवरणाच्या दाहासाठी ए १७.० हा कट्यारीचा आणि जी ०१ हा तारकेचा. तारकेचा कोड एकटा कधीही वापरायचा नाही.

‘डेंग्यू?’ असे लिहिले असेल तर

पावसाळ्यात निम्म्या केस पेपरांवर आजाराच्या नावापुढे प्रश्नचिन्ह दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमानुसार, उपचारांच्या शेवटीही निदान संशयितच राहिले आणि अधिक माहिती उपलब्ध नसली, तर ते निदान निश्चित झाल्याप्रमाणे कोड करतात. तपासणीअंती आजार नसल्याचे सिद्ध झाले असेल तर झेड ०३ या गटातील, निरीक्षणासाठी ठेवल्याचा कोड द्यावा. ताप होता, पण कोणतेही निदान झाले नाही, एवढेच असेल तर लक्षणाचा आर ५०.९. अमेरिकेतील बाह्यरुग्ण विभागाचे नियम याच्या उलट आहेत; तेथे संशयित निदानाला कोड देता येत नाही, लक्षणालाच द्यावा लागतो. म्हणून कोणत्या देशाच्या आणि कोणत्या प्रकारच्या नियमांखाली आपण काम करतो आहोत, हे कामाला बसण्यापूर्वी विचारून घ्यावे.

आवृत्तीचे वर्षही तपासावे. जुन्या छापील खंडांत डेंग्यू ए ९० आणि ए ९१ मध्ये सापडतो. नंतरच्या अद्ययावत यादीत तो ए ९७ खाली, धोक्याची लक्षणे आहेत की नाहीत आणि आजार तीव्र आहे का, यानुसार विभागला आहे.

मृत्यूच्या कारणाचा दाखला

माझ्या दृष्टीने या विद्येचा सर्वांत जबाबदारीचा भाग हा आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार, रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ आणि रुग्णालयाबाहेरील मृत्यूसाठी नमुना ४ अ भरला जातो. या अधिनियमात झालेली सुधारणा १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे, आणि तिच्यामुळे मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यावी लागते.

नमुन्याच्या पहिल्या भागात ओळींची उतरंड असते. सर्वांत वर मृत्यूचे तात्कालिक कारण, त्याखाली ते ज्यामुळे झाले ते, आणि त्याच्याही खाली त्या सर्वांचे मूळ. दुसऱ्या भागात, मृत्यूला हातभार लावणाऱ्या पण या साखळीत न बसणाऱ्या स्थिती लिहितात. आकडेवारीसाठी प्रामुख्याने एकच कोड मोजला जातो: ज्या आजाराने वा इजेने मृत्यूपर्यंत नेणारी साखळी सुरू केली त्याचा, किंवा इजा घडवणाऱ्या अपघाताच्या वा हिंसेच्या परिस्थितीचा.

उदाहरणार्थ, वरच्या ओळीत ‘सेप्टिक शॉक’ (संसर्गामुळे रक्तदाब कोसळणे), मधल्या ओळीत ‘पेरिटोनायटिस’, खालच्या ओळीत ‘ड्युओडेनल अल्सर फुटणे’ आणि दुसऱ्या भागात ‘मधुमेह’ असे लिहिले असेल, तर साखळी खालून वर वाचून पाहावी. अल्सर फुटल्याने पोटाच्या आवरणाचा दाह झाला, दाहामुळे शॉक आला. क्रम सुसंगत आहे. म्हणून मूळ कारण के २६.५. मोटारसायकल चालवणाऱ्याला रस्त्यावर ट्रकची धडक बसून मेंदूच्या आवरणाखाली (सबड्युरल) रक्तस्राव झाला असेल, तर मूळ कारण रक्तस्राव नसून अपघात आहे: व्ही २४.४. रक्तस्रावाचा एस ०६.५ हा सोबतचा कोड.

प्रत्यक्षात मात्र दाखल्यांवर फार वेळा एकच ओळ आढळते: ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने मृत्यू’. प्रत्येक मृत्यूत या दोन्ही क्रिया बंद पडतातच, त्यामुळे त्या वाक्यातून कोणतीही माहिती मिळत नाही. वर्तमानपत्रांतील ‘वृद्धापकाळाने निधन’ हे कुटुंबाच्या दृष्टीने पुरेसे असते. वर्गीकरणात त्याला आर ५४ हा अस्पष्ट कारणांतील कोड मिळतो आणि त्या व्यक्तीचा खरा आजार कायमचा झाकला जातो. असा दाखला समोर आला, की कोड देण्याआधी संबंधित डॉक्टरांकडे जावे आणि ‘हृदयक्रिया कशामुळे बंद पडली?’ एवढा एकच प्रश्न नम्रपणे विचारावा. उत्तर सुचवू नये. ‘झटकाच होता ना?’ असे विचारणे चुकीचे आहे. मिळालेले उत्तर डॉक्टरांनी स्वतः लिहून खाली सही केल्यावरच ग्राह्य धरावे.

विषबाधा: हेतू कोणी ठरवायचा

कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यातील रुग्णालयांत कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण नेहमी येतात. ऑर्गॅनोफॉस्फेट (संक्षेपाने ‘ओपी’) या प्रकारच्या कीटकनाशकासाठी टी ६०.० हा कोड ठरलेला आहे. प्रश्न बाह्य कारणाचा असतो. अपघाताने झाली तर एक्स ४८, जाणूनबुजून घेतले तर एक्स ६८, आणि वैद्यकीय वा कायदेशीर यंत्रणेला हेतू ठरवता आला नाही तर वाय १८. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा रुग्णाच्या कागदावर नुसते ‘ओपी पॉयझनिंग’ लिहिलेले असेल आणि कोडरने सवयीने एक्स ६८ दिला, तर फवारणीतील धोका आत्महत्येच्या आकड्यांत दडून जातो, आणि कुटुंबावरही अन्याय होतो. उलट दिशेची चूकही तितकीच गंभीर आहे. म्हणून दाखल होतानाची हकिगत, कोणी आणले, कोठून आणले, एमएलसीची (पोलिसांना कळवावयाच्या प्रकरणाची) नोंद, हे सर्व वाचावे आणि तरीही स्पष्ट होत नसेल तर डॉक्टरांना विचारावे. सर्पदंशाला टी ६३.० सोबत एक्स २०, तर विंचूदंशाला टी ६३.२ सोबत एक्स २२. तेथे हेतूचा प्रश्न सहसा येत नाही.

इतर पद्धतींची ओळख

परदेशी कंपन्यांसाठी पुणे, नवी मुंबई, हैदराबाद किंवा चेन्नई येथे काम करायचे असेल, तर आयसीडी-१०-सीएम ही अमेरिकी आवृत्ती शिकावी लागते. तिचे कोड सात स्थानांपर्यंत जातात आणि दरवर्षी १ ऑक्टोबरला त्यात बदल होतात. त्यासोबत डॉक्टरांनी केलेल्या प्रक्रियांसाठी सीपीटी हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे कोड लागतात. या क्षेत्रात कोडरांच्या एएपीसी या अमेरिकी संघटनेची सीपीसी ही परीक्षा मान्यताप्राप्त समजली जाते. आधी जागतिक आवृत्ती शिकून मग अमेरिकी आवृत्तीकडे वळल्यास मांडणी समजण्यास सोपी जाते, असे माझे मत आहे. महागड्या क्लासच्या नोकरीच्या हमीवर विसंबून कर्ज काढू नये. आधी मोफत उपलब्ध असलेली साधने वापरून हे काम आपल्या स्वभावाला मानवते का ते पाहावे.

स्नोमेड सीटी ही वेगळ्या प्रकारची प्रणाली आहे. ती मोजणीसाठी नसून डॉक्टरांनी संगणकावर नोंद करतानाच अचूक वैद्यकीय संज्ञा निवडण्यासाठी आहे. भारत २०१४ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य असून, त्यासंबंधीचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत आहे. आयसीडी-११ ही १ जानेवारी २०२२ पासून औपचारिकपणे अमलात आली आहे. तिची रचना संगणकासाठी केलेली असून एका कोडला दुसरा जोडून अधिक तपशील देता येतो, आणि जानेवारी २०२४ मध्ये तिच्यात आयुर्वेद, सिद्ध व युनानी संज्ञांचा विभाग प्रसिद्ध झाला. दहाव्या आवृत्तीचे नियम पक्के झाले असतील तर अकरावीकडे जाणे कठीण नाही.

सराव

सरावासाठी रुग्णाचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक झाकलेले जुने केस पेपर रुग्णालयाच्या लेखी परवानगीने घ्यावेत. त्यांचे मोबाइलवर फोटो काढून गटांमध्ये पाठवणे सर्वथा टाळावे. सुरुवातीला एकाच विभागाचे पेपर घ्यावेत. मेडिसिन विभागापेक्षा अस्थिव्यंग किंवा प्रसूती विभाग बरा, कारण तेथे मुख्य आजार सहसा स्पष्ट असतो. प्रत्येक पेपरला कोड देताना शेजारी त्याचे कारण एका वाक्यात लिहावे: शब्दसूचीतील कोणता शब्द धरला, पहिल्या खंडातील कोणती सूचना पाहिली, दुसऱ्या खंडातील कोणता नियम लावला.

त्यानंतर तेच पेपर दुसऱ्या शिकाऊ व्यक्तीला, आपले कोड न दाखवता, कोड करायला द्यावेत आणि दोघांचे कोड शेजारी ठेवून पाहावेत. अक्षर व पहिले दोन अंक जुळतात पण चौथ्या स्थानावरील अंक जुळत नाही, असे असेल तर कोणीतरी केस पेपर अपुरा वाचला आहे. अक्षरच वेगळे असेल, तर मुख्य आजार कोणता याविषयी मतभेद आहे आणि तो दुसऱ्या खंडातील नियम उघडून सोडवावा. नियम वाचूनही दोघांचे एकमत होत नसेल, तर दोष बहुधा मूळ नोंदीत असतो. अशा पेपरांची वेगळी वही ठेवून त्यातील प्रश्न महिन्यातून एकदा त्या त्या विभागाच्या डॉक्टरांसमोर मांडावेत.